वादळाला आरोपी नसतो

गेल्या गणपतीत आरती आटोपून मंडळी प्रसादाच्या ताटल्या घेऊन उभी होती. जर्मनीतल्या मराठी मंडळात असते तशी गर्दी: निम्मे आयटीतले, थोडे शिकायला आलेले, एक-दोन माझ्यासारखे वीस वर्षं इथे भाषांतराची कामं करत मुरलेले. पुण्याहून नुकताच आलेला एक इंजिनिअर रंगात येऊन सांगत होता, "काका, आमची डिपार्टमेंट हेड, पन्नाशीची बाई, भर मीटिंगमध्ये म्हणते, हे असं बाजारात आणलं तर शिटस्टॉर्म होईल! आणि कुणी साधं वर बघितलं नाही!" हशा पिकला. मग यादीच सुरू झाली. मोबाइलला हे लोक 'हँडी' म्हणतात, प्रोजेक्टरला 'बीमर', जुन्या मोटारीला 'ओल्डटायमर'. यांना इंग्रजी येतच नाही, असा एकमुखी निकाल लागला. आमच्यातल्या एकीची जर्मन शेजारीण तिथेच मोदक खात उभी होती, निवृत्त शिक्षिका. तिला हा किस्सा समजावून सांगितला, तर तिनेही मान हलवली, पण भलत्याच कारणासाठी. "इंग्रजीने आमची जर्मन नासवली," ती म्हणाली.

हा वाद मी वीस वर्षं ऐकतो आहे आणि तो वीस वर्षं याच दोन टोकांवर अडकला आहे. एक बाजू म्हणते, जर्मन लोक इंग्रजी शब्द चुकीचा वापरतात. दुसरी म्हणते, मुळात वापरतातच कशाला? माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू शब्दाचं जन्मगाव तपासत बसल्या आहेत आणि तो सध्या राहतो त्या घरात काय करतो, हे कुणीच बघत नाही. उसना घेतलेला शब्द घेणाऱ्याचा होतो. त्याचा अर्थ मूळ मालकाला विचारून ठरत नाही. पण म्हणून तो शब्द चांगलाच ठरतो, असंही नाही. 'शिटस्टॉर्म' हा शब्द इंग्रजी म्हणून चुकीचा आहे की नाही, याच्याशी मला देणंघेणं नाही. जर्मन शब्द म्हणून तो मला खोटा वाटतो, आणि तो का, ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

आधी शब्दाची हकीकत. इंग्रजीत, मुख्यतः अमेरिकेत, हा शब्द म्हणजे सगळं हाताबाहेर गेलेलं असणं, चहूबाजूंनी संकट कोसळणं. फौजेत, बारमध्ये, मित्रामित्रांत चालतो. आईसमोर किंवा पंतप्रधानाच्या भाषणात चालत नाही. जर्मनीत तो रुजला त्याचं बरंचसं श्रेय साशा लोबो या ब्लॉगरला देतात. २०१० साली बर्लिनच्या 're:पुब्लिका' परिषदेत त्याने इंटरनेटवरच्या अशा हल्ल्यातून कसं तगावं, यावर भाषण दिलं होतं. २०११ चा 'वर्षातला इंग्रजी शब्द' म्हणून तिथल्या भाषातज्ज्ञांनी तो निवडला, २०१२ मध्ये जर्मनभाषक स्वित्झर्लंडचा तो वर्षाचा शब्द ठरला आणि २०१३ मध्ये 'डुडेन' कोशात जाऊन बसला. जर्मनमध्ये त्याचा अर्थ एकच आणि नेमका: इंटरनेटवर एखाद्या माणसावर किंवा कंपनीवर उसळलेला संतापाचा लोंढा. डिसेंबर २०१८ मध्ये न्यूर्नबर्गच्या डिजिटल परिषदेत खुद्द तेव्हाच्या चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, अँगेला मेर्केल तो शब्द बोलल्या. जून २०१३ मध्ये ओबामांच्या शेजारी उभं राहून त्यांनी इंटरनेट हा आपल्या सर्वांसाठी 'नवा प्रदेश' आहे असं म्हटलं होतं, त्यावर त्यांची जी टर उडवली गेली, तिची त्या आठवण काढत होत्या. सभागृहातले लोक हसले. धक्का बसला तो इंग्रजी वर्तमानपत्रांना.

तो धक्का खरा होता, हे आधी मान्य करायला हवं. शब्दाला मूळ भाषेत वजन असतं, ते न कळता कुणी तो फेकला तर ऐकणाऱ्याला लागतं. जर्मन मॅनेजर लंडनच्या ग्राहकाला लिहिलेल्या इंग्रजी पत्रात हा शब्द वापरेल तर ती चूकच आहे, आणि 'मी आज होम ऑफिसमध्ये आहे' असं ब्रिटिश माणसाला सांगेल तर समोरच्याला हा गृहमंत्रालयात कधी लागला असा प्रश्न पडेल. इंग्रजी बोलताना इंग्रजीचेच नियम. पण मेर्केल जर्मन बोलत होत्या, जर्मन श्रोत्यांशी! त्या वाक्यात तो शब्द पुल्लिंगी होता, त्याला जर्मन विशेषण लागलं होतं, जर्मन प्रत्यय चिकटले होते. आपल्याकडे 'टेबल' नपुंसकलिंगी झालं, 'बस' बाई झाली, 'टेबलावर' आणि 'बसमध्ये' म्हणताना आपण कुठे ऑक्सफर्डला पत्र पाठवलं?

शुद्ध इंग्रजीच्या कैवाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरात डोकावावं. जर्मन 'ब्लिट्झ' म्हणजे वीज, आकाशातली. इंग्रजीत तो शब्द १९४०-४१ मध्ये लंडनवर पडलेल्या बॉम्बचं नाव झाला, आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडण्याची चाल. 'आंग्स्ट' म्हणजे जर्मनमध्ये साधी भीती, कुत्र्याची, दातांच्या डॉक्टरची. इंग्रजीत तीच भीती तत्त्वज्ञ होऊन गळ्यात मफलर घालून फिरते. 'श्टाइन' म्हणजे दगड, त्याचा इंग्रजीत बिअरचा मग झाला. आणि आपल्याकडून नेलेलं? पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून 'जगरनॉट' शब्द घेतला आणि ब्रिटनच्या रस्त्यांवर तो अवजड ट्रकला लावला. पंडित नेला, तो आता टीव्हीवर फुटबॉलचं विश्लेषण करतो. जगन्नाथाला ट्रक करणाऱ्या भाषेने 'हँडी'ला हसावं, हे फारच झालं.

आणि आम्ही मराठी माणसांनी हसावं, हे तर त्याहून. आम्ही 'हॉटेलात' चहा प्यायला जातो, तिथे राहायला नाही. 'कटिंग' मागतो आणि अर्धा कप मिळतो. जेवण 'पार्सल' करून घेतो, टपालखात्याचा त्यात काही संबंध नसतो. 'लाइट' जाते तेव्हा फ्रिजही बंद पडतो. 'सॉलिड' म्हणजे घन असं आम्ही फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलं. नाक्यावर सॉलिड म्हणजे झकास. याच्याही मागे जाऊ. 'गरीब' हा अरबीत परका, अनोळखी माणूस. मराठीत त्याच्याकडे पैसे उरले नाहीत. 'खलवत' म्हणजे एकांत. मराठेशाहीच्या 'खलबता'त निदान दोन माणसं लागतात, एकांतात खलबत होत नाही. 'तमाशा' फारसीत नुसता देखावा होता, आमच्याकडे त्याला ढोलकी आणि घुंगरू मिळाले. हे सगळे शब्द चुकले का? मग हसायचा अधिकार कुठून आला? मला वाटतं तो कॉन्व्हेंटच्या बाकावरून आला. इंग्रजीचं सोवळं आम्ही इंग्रजांपेक्षा कडक पाळतो, कारण आमच्याकडे त्या सोवळ्यावर नोकरी मिळते. जर्मन माणसाला पोटासाठी ते नेसावं लागत नाही, म्हणून तो इंग्रजीशी मोकळेपणाने खेळतो. यात हसण्यापेक्षा थोडा हेवा करण्यासारखंच आहे.

अश्लीलतेचा मुद्दा वेगळा आहे, तो एवढ्याने झटकता येत नाही. देशाची चॅन्सेलर व्यासपीठावरून असं बोलते म्हणजे सार्वजनिक भाषेची पातळी घसरली, असं म्हणणाऱ्यांत मी ज्यांना मानतो अशी माणसं आहेत. पण शिवीचं विष शब्दात असतं की ऐकणाऱ्याच्या बालपणात? कॅथरीन हॅरिस, आयशे आयचिचेगी आणि जीन बर्को ग्लीसन यांनी २००३ मध्ये तुर्की-इंग्रजी बोलणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात, निषिद्ध शब्द आणि लहानपणीची रागावणी ऐकल्यावर त्वचेची विद्युतवाहकता मोजली होती. मातृभाषेत अंग जास्त शहारतं, नंतर शिकलेल्या भाषेत कमी. प्रयोगशाळेची गरज नसेल तर स्वतःवर करून पाहा. पुण्या-मुंबईतली शाळकरी मुलगी आजीसमोर 'ओह शिट, डबा विसरले' म्हणते आणि आजी फक्त डब्याची चौकशी करते. तोच शब्द मराठीत म्हणाली असती तर? या लेखाचा विषय असलेल्या शब्दाचं सरळ मराठी भाषांतर 'गूवादळ' होतं. बघा, मला ते लिहितानाही अवघडल्यासारखं झालं, आणि 'शिटस्टॉर्म' मी आत्तापर्यंत बिनदिक्कत लिहीत आलो. शिवाय मूळ शिवीसुद्धा वापरून गुळगुळीत होते. 'आयला' हा शब्द कुठून आला हे ठाऊक असलेला माणूससुद्धा क्रिकेटचा झेल सुटल्यावर तोच उच्चारतो.

जर्मनांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. इंग्रजी शिव्या बहुतेक शय्यागृहातून येतात, जर्मन शिव्या शौचालयातून. ल्यूथरच्या लेखनात या द्रव्याची मुळीच टंचाई नाही. महाकवी गोएटेच्या १७७३ च्या नाटकातला ग्योत्झ फॉन बर्लिशिंगेन खिडकीतून शरणागतीचा निरोप आणणाऱ्याला शरीराचा कोणता भाग चाटावा ते सांगतो. त्याला जर्मनीत आजही 'ग्योत्झचं अवतरण' म्हणतात, आणि दक्षिणेकडच्या श्वाबिया प्रांतात तर त्याला अभिवादन म्हणायची गंमत आहे. ज्यांच्या अभिजात नाटकातच हे आहे, त्यांना इंग्रजी 'शिट' कितीसा झोंबणार?

आता निवृत्त शिक्षिकेची बाजू. तिच्याकडे दुर्लक्ष करणं सोपं आहे, कारण शुद्धीवाद्यांची टिंगल करायला सामग्री भरपूर मिळते. १८०१ मध्ये कोश काढणाऱ्या योआखिम हाइनरिश कांपेने 'कॅथलिक'साठी 'सक्तीचा श्रद्धाळू' असा जर्मन शब्द सुचवला होता! अलीकडे, २०१० च्या सुमारास, वाहतूकमंत्री पेटर रामझाउअर यांनी मंत्रालयातून इंग्रजी शब्दांना हद्दपार केलं तेव्हा लॅपटॉपसाठी 'घडीचा गणक' अशा अर्थाचा शब्द आला आणि लोक पोट धरून हसले. पण याच कांपेने केलेले 'तळमजला' आणि 'व्यंगचित्र' या अर्थांचे शब्द जर्मनमध्ये इतके मुरलेत की ते कुणी बनवले होते, हेच लोक विसरलेत. १८७१ नंतर हाइनरिश फॉन श्टेफानने टपालातले फ्रेंच शब्द काढले, ओटो सारात्सिनने रेल्वेतले. फलाटाला 'पेरॉन' म्हणत, त्याचा 'बानश्टाइग' झाला, तिकिटाच्या 'बिये'चा 'फारकार्टे'. स्वित्झर्लंडमध्ये ती मोहीम पोहोचली नाही, म्हणून जर्मनीतून आगगाडीने बाझेलला उतरलात की तुम्ही आजही 'पेरॉन'वर पाय ठेवता. आपल्याकडे महापौर, दिनांक, दिग्दर्शक हे सावरकरांचे शब्द रोज वापरताना आपल्याला कुठे भाषाशुद्धी आठवते? तेव्हा शुद्धीवाद नेहमी हरतो, असं म्हणणं खोटं आहे.

तो कुठे जिंकतो हे मात्र पाहण्यासारखं आहे. जिथे पाटी लावणारं कार्यालय असतं, तिथे. टपाल, रेल्वे, नगरपालिका, सिनेमाची श्रेयनामावली. तिकिटावर जे छापाल ते लोक वाचतात आणि दोन पिढ्यांत बोलतात. बोलीतल्या चलाऊ शब्दाला कार्यालय नसतं. तो कट्ट्यावर जन्मतो, त्याला परिपत्रक लागू होत नाही. अगदी ज्या नाझी राजवटीने माणसांच्या रक्ताची शुद्धता तपासली, तिनेही १९४० मध्ये परकी शब्दांचं सक्तीने जर्मनीकरण थांबवण्याचा आदेश काढला होता. भाषाशुद्धीच्या संघटनेचा उत्साह तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनाही अडचणीचा वाटू लागला होता.

आणि शुद्धीवाद्यांचा खरा, मजबूत मुद्दा तर ते स्वतःच विसरतात. तो म्हणजे समजण्याचा. 'डग्लस' या सुगंधी प्रसाधनांच्या दुकानांचं घोषवाक्य इंग्रजीत होतं: 'कम इन अँड फाइंड आउट', म्हणजे आत या आणि शोधून काढा. अनेक जर्मनांना ते 'आत या आणि बाहेरची वाट शोधा' असं कळलं. कंपनीने ते पुढे बदलून जर्मन केलं. रेल्वेने स्थानकाबाहेर, प्रवाशाला सोडून लगेच गाडी काढायच्या जागेवर, 'किस अँड राइड' अशा पाट्या लावल्या. सत्तरीच्या माणसाने तिथे कुणाचं चुंबन घ्यायचं होतं? हा प्रश्न भाषेच्या पावित्र्याचा नाही, नागरिकाच्या हक्काचा आहे. पाटी, सूचना, औषधाची पुडी, सरकारी अर्ज हे ज्याच्यासाठी असतात त्याला कळलेच पाहिजेत. पण या निकषावर 'शिटस्टॉर्म' उत्तीर्ण होतो. जर्मन माणसाला तो कळतो, चांगला कळतो. त्याऐवजी शुद्धीवाले काय करतात? २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात चौकाचौकांत मोठे पडदे लावून सामने दाखवले, त्याला 'पब्लिक व्ह्यूइंग' म्हटलं, तर हे म्हणाले, अहो, इंग्रजीत याचा अर्थ मृतदेहाचं अंत्यदर्शन! अमेरिकेत तसा अर्थ आहे, पण तो एकमेव नाही. आणि गंमत बघा, जर्मनचे रक्षकच इथे इंग्रजीचा शब्दकोश उघडून निकाल देतात. आमचा पुण्याचा इंजिनिअर आणि ती शिक्षिका, दोघं शेवटी एकाच न्यायालयात उभे राहतात, आणि न्यायाधीश इंग्रज.

म्हणून मी दुसराच प्रश्न विचारतो: हा शब्द आला आणि त्यामुळे जर्मन बोलणाऱ्याला काय दिसू लागलं, किंवा काय दिसेनासं झालं?

तुलनेसाठी 'मॉबिंग' घ्या. हाही दिसायला इंग्रजी, पण ज्या अर्थाने जर्मनीत चालतो त्या अर्थाला इंग्रजीत रोजचा शब्द वेगळाच, 'बुलीइंग'. पक्ष्यांचा थवा घुबडावर किंवा ससाण्यावर एकत्र तुटून पडतो, त्या वर्तनाचं हे नाव प्राणिशास्त्रातून निघालं. १९६९ मध्ये स्वीडनमधले डॉक्टर पेटर-पाउल हाइनेमन यांनी ते शाळेतल्या मुलांच्या टोळीला लावलं, पुढे हाइन्झ लायमन यांनी कचेरीतल्या छळाला. लायमन जर्मनीत जन्मलेले, स्वीडनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ. नव्वदच्या दशकात शब्द जर्मनीत आला आणि रोज थोडं थोडं एकटं पाडलं जाणं, जेवायला न बोलावणं, कागद दडवणं, हे सगळं मिळून एक गोष्ट आहे आणि ती काहीजण मिळून एकाला करतात, हे सांगायला माणसांना तोंड मिळालं. आधी तेच 'तिचं कुणाशी पटत नाही' या वाक्यात बुडून जायचं. युनियनच्या माणसाकडे जाऊन हा एक शब्द उच्चारता येऊ लागला. शब्दाचं इंग्रजी अशुद्ध, काम चोख.

'शिटस्टॉर्म' नेमकं उलट करतो. त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या जातात. बँकेने शुल्क वाढवलं म्हणून हजारो खातेदार चिडून लिहितात, तो शिटस्टॉर्म. मंत्र्याच्या बावळट वाक्याची थट्टा होते, तोही. एखाद्या बाई पत्रकाराला बलात्काराच्या धमक्या येतात, तोही. पहिली ग्राहकाची तक्रार आहे, दुसरी लोकशाहीतली करमणूक, तिसरा गुन्हा. तिन्हींना वादळ म्हटलं की कंपनीचा जनसंपर्क अधिकारी खूश, कारण रास्त तक्रारीलाही घाण ठरवता येतं. आणि धमकी देणाराही खूश, कारण वादळाला नाव-पत्ता नसतो, आरोपी नसतो. वादळ हवामान खातं सांगतं, पोलीस नाही. वादळात माणूस खिडक्या लावून बसतो आणि ते ओसरायची वाट पाहतो. लोबोच्या भाषणापासून सगळा सल्ला हाच: तगून कसं राहावं.

इथे कुणी म्हणेल, हे शब्दावर फार ओझं टाकणं झालं. लोक संदर्भावरून समजून घेतात. एरवी मीही हेच म्हणतो, वर 'कटिंग'च्या बाबतीत म्हटलंच आहे. पण चहाचा संदर्भ टपरीवर समोर असतो. इंटरनेटवरच्या झुंडीचा संदर्भ वाचकासमोर नसतो, बातमीतला तो एक शब्दच त्याच्यापर्यंत पोहोचतो. रेनाटे क्यूनास्ट या तेव्हा ग्रीन पक्षाच्या खासदार होत्या. त्यांच्याबद्दल फेसबुकवर लिहिलेल्या २२ प्रतिक्रियांच्या लेखकांची माहिती मिळावी म्हणून त्या न्यायालयात गेल्या. त्यातले शब्द मी इथे कोणत्याही भाषेत लिहिणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने ते सगळं राजकीय टीकेच्या मर्यादेत बसतं, असं म्हटलं. वरच्या न्यायालयात थोडं मिळालं, आणि अखेर डिसेंबर २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने आधीचे निर्णय चुकीचे ठरवले. क्यूनास्ट यांनी काय केलं? वादळ सुटं सुटं केलं. बावीस वाक्यं, प्रत्येकाला एक लिहिणारा. त्याशिवाय खटलाच उभा राहिला नसता.

आणि वाल्टर ल्यूब्के. कासेल जिल्ह्याच्या प्रशासनाचे प्रमुख, मेर्केल यांच्याच पक्षाचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये लोफेल्डनला निर्वासितांच्या निवाऱ्याबद्दलच्या सभेत लोक आरडाओरड करू लागले, तेव्हा ते म्हणाले की इथली मूल्यं ज्यांना पटत नाहीत त्यांना हा देश सोडून जायचं स्वातंत्र्य आहे. त्या काही सेकंदांची चित्रफीत इंटरनेटवर फिरली. शिव्या आल्या, धमक्या आल्या. त्या काळाच्या भाषेत याला अगदी सहज शिटस्टॉर्म म्हणता आलं असतं, आणि त्या व्याख्येप्रमाणे तो ओसरलाही असता. जून २०१९ च्या सुरुवातीला, रात्री, एका उजव्या अतिरेक्याने त्यांना त्यांच्या घराच्या ओसरीवर गोळी घातली. मारेकरी २०१५ च्या त्या सभेत हजर होता. शब्दामुळे खून झाला, असा आचरट दावा मी करत नाही. पण चार वर्षं जे गोळा होत होतं, त्याला हवामान समजण्याची सवय मात्र भाषेला लागली होती.

त्या इंजिनिअरला मी हे सगळं आरतीनंतर सांगू शकलो नाही, त्याची गाडी तोवर जर्मन 'बेकोमन' (मिळणं) आणि इंग्रजी 'बिकम' (होणं) यांच्या घोळावर पोहोचली होती. पण घरी येताना एक शब्द डोक्यात घोळत राहिला. दुसऱ्या दिवशी एका जर्मन बातमीचं मराठी करायचं होतं, त्यात तीनदा शिटस्टॉर्म. मराठीत याच्या आसपासचे शब्द मी मांडून पाहिले. झोड: ती कुणीतरी उठवावी लागते. ट्रोलधाड: धाड घालणारे असतात. चिखलफेक: चिखल आहे, म्हणजे मूळ शब्दातली घाण शाबूत, पण त्यात फेक आहे, आणि फेकायला हात लागतो. बातमी नीट वाचली तेव्हा पहिल्या ठिकाणी ग्राहकांच्या तक्रारी होत्या, दुसऱ्या ठिकाणी चिखलफेक, तिसऱ्या ठिकाणी जिवे मारण्याच्या धमक्या. तीन वेगळे शब्द लिहिले. संपादकांचा फोन आला, मूळात तर एकच आहे ना? म्हटलं, हो, मूळात एकच आहे.